म्हातारपणचा विसर

श्रोतेहो, "साठी बुद्धी नाठी" ही म्हण आपण किती सहज वापरतो! घरातलं वडीलधारं माणूस काही विसरलं की हसून म्हण फेकायची आणि आपापल्या कामाला लागायचं. वय झालं की आठवायला वेळ लागतो, हे खरं आहे. पण बुद्धी नाठणं हा काही वयाचा धर्म नव्हे. तो आजार असू शकतो.

१९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगुस्टे डेटर नावाची बाई आली. वय अवघं ५१, म्हणजे साठी अजून लांबच होती. ती नवऱ्यावर संशय घेई, वस्तू लपवी आणि स्वतःचं नाव लिहिता लिहिता मध्येच अडे. डॉक्टर आलॉइस आल्झायमर यांनी तिला तपासलं. १९०६ साली ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झाला होता आणि पेशींच्या मधे पुटं साचली होती. पुढं १९१० साली या आजाराला त्यांचंच नाव देण्यात आलं.

या आजारात बहुधा नव्या आठवणी साठवणारा भाग आधी दुखावतो. जुनं मात्र बराच काळ शाबूत राहतं. घरची माणसं फसतात ती इथंच. "लग्नातला मानपान आठवतो, मग आत्ता जेवल्याचं कसं आठवत नाही? ढोंग आहे सगळं!" ते ढोंग नसतं हो.

चष्मा कुठं ठेवला हे कोणीही विसरतं. पाहायचं ते हातच्या कामाकडं. चाळीस वर्षं पुरण घालणारी आजी डाळ शिजवते आणि पुढं काय करायचं म्हणून थांबते. बाजारात हिशेबाला पक्के असलेले आजोबा सुट्ट्या पैशांत गोंधळतात, रोजच्या पाणंदीवर वाट चुकतात. विळा शब्द सुचत नाही, "ते कापायचं" म्हणतात. भजनाला जाणारा माणूस कोपऱ्यात बसून राहतो. पैसे स्वतःच कणगीत दडवायचे आणि सुनेनं चोरले म्हणायचं, यावरून तर घरं फुटतात! त्या सुनेला कुणीतरी आजाराचं नाव सांगायला हवं.

शिक्षकबंधुभगिनींना एक सांगतो. आजीला इंग्रजी तारीख विचारून तिची परीक्षा घेऊ नका. ती तिला कधीच ठाऊक नसेल. बाजाराचा वार कोणता, पोळा झाला की व्हायचाय, हे विचारा. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत संशोधकांना हीच अडचण आली. शंभरातून सात-सात वजा करा, हा पाश्चात्त्य चाचणीतला प्रश्न शाळेत न गेलेल्यांना कसा विचारायचा? १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी चाचणीत त्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले आहेत.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या दर शंभरांत सुमारे ७ जणांना स्मृतिभ्रंश आहे, आणि शहरांपेक्षा खेड्यांत त्याचं प्रमाण अधिक आहे. आल्झायमर हा त्याचा सर्वांत मोठा प्रकार. तो पुरता बरा होत नाही. औषधांनी काहींना काही काळ आधार मिळतो. मग डॉक्टरकडे जायचं कशाला? तर विसर पडायला थायरॉईडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची उदासी किंवा एखादं चालू औषधही कारण असतं, आणि यांवर इलाज आहे. नीट ऐकू न येणारं माणूसही विसरभोळं वाटतं. दोन-चार दिवसांतच माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागलं तर मात्र थांबू नका; जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

जाताना रोज सोबत राहणाऱ्या माणसानं बरोबर जावं, आणि एक वही न्यावी. नातवंडाच्या जुन्या वहीची कोरी पानंही चालतील. त्यात नुसतं "हल्ली विसरते" असं लिहू नका. "मंगळवारी दूध दोनदा विरजलं, गुरुवारी शेजारणीचं नाव आठवलं नाही" असं, वार घालून लिहा. डॉक्टरांना त्याचाच उपयोग होतो.