तळणीचीं दोन मिनिटें

बडनेऱ्याहून नागपूरकडे जातांना धामणगांव सुटलें कीं, वर्धा नदीचा पूल येण्यापूर्वीं तळणी नांवाचें एक लहानसें स्टेशन लागतें. अमरावती जिल्ह्याच्या अगदीं कडेचें हें ठिकाण. उतारूंचें तिकडे सहसा लक्ष जात नाहीं. परंतु शके १८१९ च्या पौष अमावास्येस, म्हणजे शनिवार ता. २२ जानेवारी १८९८ रोजीं, इंग्लंडांतून आलेली कांहीं मंडळी येथें दुर्बिणी रोखून बसलीं होतीं. त्या दुपारीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्गावरून, जेऊरवरून वऱ्हाडांत येऊन पुढें पुलगांवाकडे गेली.

ग्रहण केव्हां लागेल हें सांगणें आपल्याकडे नवें नव्हतें. गणेश दैवज्ञाचा ग्रहलाघव १५२० सालचा. त्याच्या आधारें आपले पंचांगकर्ते पिढ्यान् पिढ्या ग्रहणें वर्तवीत आले. नवा होता तो प्रश्न निराळाच : सूर्य कशाचा बनला आहे? ऑगस्ट कोंत या फ्रेंच तत्त्ववेत्त्यानें १८३५ सालीं निक्षून सांगितलें होतें कीं, आकाशस्थ ताऱ्यांचीं घटकद्रव्यें मनुष्यास कधींहि कळावयाचीं नाहींत. तें बोलणें त्या काळीं अविचाराचें म्हणतां येत नाहीं. नऊ कोटि मैलांहून दूर असलेल्या सूर्याचा तुकडा रसशाळेंत आणणार कोण?

वस्तुतः उत्तराची सामग्री तेव्हांच जमूं लागली होती. न्यूटननें १६६६ च्या सुमारास लोलकांतून सूर्यकिरण नेऊन त्यांतील रंग वेगळे केले होते. पुढें फ्राउनहोफर या जर्मन कारागिरानें १८१४ सालीं त्या रंगपटांत पांचशेंहून अधिक काळ्या रेषा मोजल्या. हा काचकाम करणाऱ्याचा पोरका मुलगा. त्यास हवीं होतीं निर्दोष भिंगें, आणि त्या खटपटींत रेषा हातीं लागल्या. त्या कां पडतात हें मात्र त्याला उलगडलें नाहीं. तो उलगडा १८५९ सालीं हायडेलबर्ग येथें किर्खोफ व बुन्सेन यांनीं केला. स्वयंपाकघरांतील मिठाची चिमूट ज्योतींत टाकली कीं ज्योत पिवळी होते. त्या पिवळ्या प्रकाशाच्या रेषा जेथें पडतात, नेमक्या तेथेंच सूर्याच्या रंगपटांत काळ्या रेषा आहेत. अर्थात् मिठांतील सोडियम सूर्याच्या वातावरणांतहि आहे! कोंत दोनच वर्षांपूर्वीं निवर्तला होता.

येथें एका प्रचलित समजुतीचा निकाल लावणें बरें. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळीं लॉकियर यांनीं विजयदुर्गावरून हेलियम शोधून काढलें, असें वारंवार सांगण्यांत येतें. तें खरें नव्हे. त्या वर्षीं गुंटूर येथें वेध घेतले ते जान्सन या फ्रेंच शास्त्रज्ञानें. लॉकियर तेव्हां इंग्लंडांतच होते व तेथूनच त्यांनीं ग्रहणावांचून ती अनोळखी पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गास ते आले तीस वर्षांनीं, म्हणजे तळणीच्याच ग्रहणास. पृथ्वीवर हेलियम सांपडलें तें रॅम्से यांस, १८९५ सालीं.

आतां पुन्हां तळणीकडे. ही तुकडी ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची, म्हणजे मुख्यतः हौशी ज्योतिर्विदांची. या संस्थेची १८९६ ची नॉर्वेंतील सफर ढगांनीं व्यर्थ घालविली होती. वऱ्हाडच्या माघापूर्वींच्या निरभ्र आकाशानें तसें केलें नाहीं. खग्रास स्थिति सुमारें दोन मिनिटें टिकली. महिनाभराच्या प्रवासाचें मोल तेवढ्या वेळांत वसूल करावयाचें होतें. जॉन एव्हरशेड यांनीं सूर्याच्या कडेवर क्षणभर झळकणाऱ्या तेजस्वी रेषांचें छायाचित्र घेतलें. हे गृहस्थ त्या वेळीं पोटासाठीं औद्योगिक रसायनाचें काम करीत. पुढें कोडईकनाल येथें १९०९ सालीं सूर्यावरील डागांतून बाहेर वाहणाऱ्या वायूंचा त्यांनीं शोध लावला.

त्यांच्याच शेजारीं अॅनी माँडर या बाई दीड इंच भिंगाचा कॅमेरा घेऊन उभ्या होत्या. त्या केंब्रिजच्या गर्टन कॉलेजांत गणित शिकल्या, १८८९ सालीं सन्मानानें उत्तीर्ण झाल्या. परंतु स्त्री म्हणून पदवी मिळाली नाहीं. ग्रीनिच वेधशाळेंत तुटपुंज्या वेतनावर आकडेमोड केली; १८९५ सालीं तेथीलच वॉल्टर माँडर यांच्याशीं विवाह झाला आणि नियमानुसार नोकरी सुटली. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनें त्यांस १८९२ मध्यें सभासदत्व नाकारलेंच होतें. कॅमेऱ्याचें भिंग त्यांनीं गर्टनच्या अनुदानांतून घेतलें होतें. काचांवर उमटलेल्या प्रभामंडलांत एक किरणशलाका सूर्याच्या व्यासाच्या जवळजवळ सहापट दूर गेलेली दिसली. तोंवर कोणत्याहि छायाचित्रांत इतकी लांब शलाका आली नव्हती.

सोसायटीनें त्यांस १९१६ सालीं सभासद करून घेतलें. केंब्रिजनें स्त्रियांस पूर्ण पदवी दिली ती १९४८ सालीं. अॅनीबाई त्याच्या आदल्याच वर्षीं वारल्या होत्या.