पूर्वसमुद्रापलीकडील शेजार : सयाम व आग्नेय आशियावरील ग्रंथ

कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालीं स्थापन झालें आणि ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालीं. ह्या दोन संस्थांनीं, आणि त्यांच्या मागून डोंबिवलीपर्यंत निघालेल्या लहानमोठ्या वाचनालयांनीं, ह्या भागांतील घराघरांत वाचनाची आवड निर्माण केली. येथील सुशिक्षित गृहस्थाला नेपोलियनच्या लढाया ठाऊक असतात, इंग्लंडच्या राजांची नांवें सांगतां येतात. परंतु मुंबईपासून लंडनच्या निम्म्याहूनहि कमी अंतरावर असलेलें बँकॉक शहर राजधानी केव्हां झालें, असें विचारल्यास तोच गृहस्थ थबकतो. सयाम, कंबोज, चंपा, जावा हीं त्याच्या दृष्टीनें नकाशावरील नांवें होत. अशा वाचकानें ह्या देशांचा इतिहास, कला व संस्कृति यांवरील ग्रंथ वाचावयाचें मनांत आणलें, तर कोणते वाचावे आणि कोणत्या दृष्टीनें वाचावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. ग्रंथांच्या यादीपेक्षां दृष्टीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा. कारण ह्या विषयांत चांगले ग्रंथ वाचूनहि मनुष्य चुकीच्या निष्कर्षाला पोंचूं शकतो.

योगायोग असा कीं, पूर्वेकडील देशांविषयींच्या एका फार जुन्या प्रवासवृत्तांतांत ठाण्याला मोठें स्थान आहे. १३२१ सालीं ठाण्यास चार फ्रान्सिस्कन साधु मारले गेले. त्यानंतर लौकरच त्याच पंथाचा ओडोरिक नांवाचा इटालियन साधु होर्मुझहून समुद्रमार्गें ठाण्यास उतरला. त्यानें आपल्या बंधूंच्या अस्थि गोळा केल्या, आणि त्या बरोबर घेऊन तो मलबार, सुमात्रा, जावा व चंपा ह्या मार्गानें चीनला गेला. स्वदेशीं परतल्यावर १३३० सालीं पादुआ येथें त्यानें आपला सर्व वृत्तांत तोंडीं सांगितला व दुसऱ्या एका साधूनें तो लिहून घेतला. १८६६ सालीं कर्नल यूल यानें त्याचें इंग्रजी भाषांतर टीपांसह प्रसिद्ध केलें. जाव्याच्या राजाच्या वाड्यांतील सोन्यारुप्याच्या पायऱ्या आणि चंपेच्या राजाचे असंख्य पाळीव हत्ती यांचीं वर्णनें त्यांत आहेत. त्याच पुस्तकांत ठाण्याविषयीं असेंहि लिहिलें आहे कीं, तेथील उंदीर कुत्र्यांएवढे असतात आणि त्यांच्यापुढें मांजरांचें कांहीं चालत नाहीं! ठाणेकर वाचकानें हा मजकूर अवश्य वाचावा. आपल्या गांवाविषयीं प्रवाशानें किती वाढवून लिहिलें आहे हें ज्याला दिसलें, तो चंपेच्या हत्तींची संख्याहि जपूनच स्वीकारील. परक्या देशावरील ग्रंथ वाचण्याचा हा पहिला धडा ठाण्याच्या उंदरांनीं दिला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

दुसरा धडा स्वाभिमानासंबंधींचा असून तो अधिक कठीण आहे. पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक ग्रंथांत कल्याण बंदराचा उल्लेख येतो; सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या लेखकानें त्याचा मोठें व्यापारी बंदर म्हणून निर्देश केला आहे. शिलाहार राजा अनंतदेव याच्या शके १०१६ मधील खारेपाटण ताम्रपटानें दोन श्रेष्ठींच्या जहाजांना श्रीस्थानक म्हणजे ठाणें, शूर्पारक म्हणजे सोपारें, चेमुली म्हणजे चौल इत्यादि बंदरांत जकात माफ केली. एवढें वाचल्यावर, ठाण्या-कल्याणच्या व्यापाऱ्यांनींच सयामांत हिंदु संस्कृति नेली, असें म्हणण्याचा मोह होतो. हा मोह आवरला पाहिजे. ह्या बंदरांच्या व्यापाराचा जो पुरावा आहे, त्याचें तोंड मुख्यत्वेंकरून इराण, अरबस्थान व मिसर यांच्याकडे आहे. पूर्वेकडील दळणवळणाचा स्पष्ट पुरावा तामिळ देशाचा आहे. सयामच्या दक्षिण भागांत ताकुआपा येथें नवव्या शतकांतील तामिळ शिलालेख सांपडला असून त्यांत मणिग्रामम् ह्या व्यापारी संघाचा उल्लेख आहे. १०२५ च्या सुमारास श्रीविजयावर जी आरमारी स्वारी झाली, तीहि राजेंद्र चोळाची. जें श्रेय आपलें असल्याचा पुरावा नाहीं, तें घेण्यानें मान वाढत नाहीं.

तथापि ठाण्या-कल्याणच्या वाचकाच्या हातीं ह्या ग्रंथांची एक किल्ली आधींच आहे, आणि ती म्हणजे शालिवाहन शक. डोंबिवलीपासून फार दूर नसलेल्या अंबरनाथच्या शिवालयांतील शिलाहारकालीन लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. सयाम व कंबोज यांच्या सीमेजवळ, सध्यांच्या थायलंडच्या हद्दींत, स्दोक काक थोम नांवाचें देवालय आहे. तेथील संस्कृत व ख्मेर भाषांतील दीर्घ शिलालेख शके ९७४ चा आहे. दोहोंमध्यें अवघ्या आठ वर्षांचें अंतर! राजपुरोहितांचें एक घराणें शके ७२४ पासून कंबोजच्या राजांचें पौरोहित्य कसें करीत आलें, त्याला कोणत्या जमिनी मिळाल्या, कोणतीं देवालयें त्यानें वसविलीं, याची हकीकत त्या लेखांत आहे. मामवाणि राजाच्या काळीं अंबरनाथचें काम चाललें होतें, त्याच सुमारास कंबोजचा दुसरा उदयादित्यवर्मा आपल्या राजधानींत बाफुओन नांवाचें शिवालय बांधीत होता. अंबरनाथ सखल जागीं, नाल्याच्या कांठीं, गर्भगृहांत पायऱ्या उतरून जावें लागतें असें. बाफुओन मेरुपर्वतासारखें पायरीपायरीनें आकाशाकडे चढणारें. देव एक, शक एक, पण शिल्पींची कल्पना सर्वस्वीं भिन्न. दोन्ही देवालयांचे नकाशे शेजारीं ठेवून पाहिल्यास अनेक व्याख्यानांनीं होणार नाहीं इतका बोध होतो.

सुखोदयच्या राजा राम खाम्हेंगच्या नांवाचा प्रसिद्ध शिलालेख थाई भाषेंत असूनहि त्यांतील कालगणना शकाचीच आहे. त्यांत शके १२१४, म्हणजे इ. स. १२९२, हें वर्ष येतें. हा शिलास्तंभ पुढें सयामचा राजा झालेल्या मोंगकुट यास १८३३ सालीं सांपडला. तक्रार असणाऱ्या रयतेनें वाड्याच्या दारावरील घंटा वाजवावी आणि राजानें स्वतः न्याय करावा, असें त्यांत वर्णन आहे. हा लेख खरोखर तेराव्या शतकांतील कीं मागाहून तयार केलेला, यावर १९८० नंतर विद्वानांत मोठा वाद झाला. ज्या ग्रंथांत ह्या वादाचा प्रामाणिक उल्लेख असेल, तो विश्वासार्ह समजावा.

आतां प्रत्यक्ष ग्रंथांकडे वळूं. मराठी वाचकाला ह्या विषयाची जी ओढ लागली, ती स्वातंत्र्यपूर्व काळांतील. डॉ. केतकरांनीं आपल्या ज्ञानकोशाच्या पहिल्या विभागालाच 'हिंदुस्थान आणि जग' हें नांव दिलें होतें. १९२६ सालीं कलकत्त्यास 'ग्रेटर इंडिया सोसायटी' स्थापन झाली; पुढच्याच वर्षीं रमेशचंद्र मजुमदार यांचा चंपेवरील ग्रंथ निघाला आणि त्यानंतर 'सुवर्णद्वीप'. ह्या ग्रंथमालेच्या नांवांतच पूर्वेकडील प्राचीन हिंदी वसाहती असे शब्द होते. परकीय सत्तेखालीं दबलेल्या राष्ट्राला, एके काळीं आपणहि समुद्रापार वसाहती केल्या, हें ऐकून धीर येणें स्वाभाविक होतें. मजुमदारांनीं गोळा केलेले शिलालेख आजहि उपयोगी पडतात. परंतु 'वसाहत' हा शब्द टिकला नाहीं. राजेंद्र चोळाची स्वारी सोडली, तर हिंदुस्थानांतील राजानें ते देश जिंकल्याचा भक्कम पुरावा सांपडत नाहीं. जोर्ज सेदेस हा फ्रेंच पंडित कित्येक वर्षें बँकॉकच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा प्रमुख होता. विस्मृतींत गेलेलें श्रीविजयाचें राज्य १९१८ सालीं त्यानेंच प्रकाशांत आणलें. त्याचा ग्रंथ १९४४ सालीं हनोईस प्रसिद्ध झाला. ह्या विषयाचा पाया म्हणून तो अद्यापि वाचला जातो. डच संशोधक फान ल्यूर यानें आणखी पुढें जाऊन असें प्रतिपादिलें कीं, तेथील राजांनींच आपल्या दरबारीं ब्राह्मणांना बोलावून घेतलें. हा तरुण विद्वान १९४२ च्या जावा समुद्रावरील लढाईंत मृत्यु पावला. त्याच्या लेखांचें इंग्रजी भाषांतर १९५५ सालीं निघालें. त्याच वर्षीं हॉल यांचा आग्नेय आशियाचा सलग इतिहास आला. केवळ सयामपुरता आटोपशीर इतिहास हवा असल्यास डेव्हिड वायट यांचा १९८४ चा ग्रंथ घ्यावा.

कलेवरील ग्रंथांत आनंद कुमारस्वामींचा १९२७ चा इतिहास आणि रेजिनाल्ड ल मे यांचा सयाममधील बौद्ध कलेवरील १९३८ चा ग्रंथ वाचण्याजोगे आहेत. कान्हेरीस ज्यानें बुद्धाच्या बसलेल्या व उभ्या मूर्ती पाहिल्या आहेत, त्यानें ह्या ग्रंथांत सुखोदयची चालणारी बुद्धमूर्ति शोधावी. एक पाऊल उचललेली, वाऱ्यानें हलल्यासारखी ती सुकुमार आकृति सयामच्या शिल्पींची स्वतःची निर्मिति आहे.

परंतु वाचकाची खरी परीक्षा सयामच्या रामकथेंत होते. पानिपतानंतर सहा वर्षांनीं, १७६७ सालीं, ब्रह्मी सैन्यानें सयामची राजधानी अयुध्या जाळली, आणि तींत ग्रंथांचाहि मोठा संहार झाला. १७८२ सालीं पहिल्या रामराजानें बँकॉक येथें नवी राजधानी केली आणि उरलेसुरलें वाङ्मय पुन्हां जुळविण्याचा उद्योग आरंभिला. 'रामकियेन' ही रामकथा त्याच्याच कारकीर्दींत, १७९७ सालीं, सिद्ध झाली. बँकॉकच्या राजमंदिराच्या ओवऱ्यांत ती १७८ भित्तिचित्रांत रंगविलेली आहे. ह्या कथेंतील हनुमान ब्रह्मचारी नाहीं! रावणाची मत्स्यकन्या सुवर्णमत्स्या हिच्याशीं तो प्रेम करतो आणि त्यांना पुत्र होतो. आपल्याकडे मकरध्वजाचा जन्म घामाच्या थेंबापासून सांगून ब्रह्मचर्य राखलें आहे. सयामी कवीला तशी गरज वाटली नाहीं. ज्या घरांत दर शनिवारीं मारुतीला तेल घातलें जातें, तेथें ही कथा कानाला खटकेल. ह्या ठिकाणीं पुस्तक मिटून, 'त्यांनीं आमची कथा बिघडविली' असें म्हणणारा वाचक अजून वसाहतींचाच ग्रंथ वाचीत आहे. 'त्यांनीं ती आपलीशी केली' असें ज्याला म्हणतां येईल, त्यालाच ह्या विषयांत प्रवेश मिळाला.

म्हणून परकीयांचे ग्रंथ वाचल्यावर सयामी लेखकांकडे वळावें. राजपुत्र दामरोंग (१८६२–१९४३) हे तेथील इतिहासलेखनाचे जनक मानले जातात. ब्रह्मदेशाशीं झालेल्या युद्धांवरील त्यांचा ग्रंथ इंग्रजींतहि आला आहे. फ्या अनुमान राजधोन (१८८८–१९६९) यांनीं जकातखात्यांत नोकरी करीत असतां विद्याव्यासंग केला आणि सामान्य शेतकऱ्यांचे सण, समजुती, जन्ममरणाचे विधि यांवर निबंध लिहिले. राजे व देवालयें यांच्या वर्णनांनीं दमलेल्या वाचकानें हे निबंध घ्यावे.

आणखी एक ग्रंथ मुद्दाम सांगण्यासारखा आहे. सयामचा अठरा वर्षांचा राजा चुलालोंगकोर्न १८७२ सालीं हिंदुस्थान पाहावयास आला होता. ह्या दौऱ्यांत तो मुंबईसहि आला. जबलपूरवरून मुंबईस येणारा लोहमार्ग त्यापूर्वीं दोनच वर्षें पुरा झालेला होता, आणि तो कल्याण व ठाणें यांवरूनच जातो. सच्चिदानंद सहाय यांच्या २००२ सालच्या ग्रंथांत सयामी लोकांच्या नजरेनें तेव्हांचा हिंदुस्थान वर्णिला आहे. त्या राजानें येथें मुख्यतः रेल्वे, कारखाने, तुरुंग, शाळा व राज्यकारभार यांची पाहणी केली. आपला देश स्वतंत्र कसा राहील, ह्याची चिंता त्याला होती. आपण त्यांच्याकडे आपला भूतकाळ शोधीत गेलों. ते आपल्याकडे स्वतःचा भविष्यकाळ शोधीत आले.

मराठींत ह्या विषयाचें भांडार मोठें नाहीं. पु. ल. देशपांडे यांच्या १९६३ च्या 'पूर्वरंगा'नें ह्या देशांची मराठी घरांना प्रेमळ ओळख करून दिली, आणि मराठी विश्वकोशांत ह्या देशांवर नोंदी आहेत. परंतु थाई भाषा शिकून, मूळ साधनें वाचून लिहिलेल्या मराठी इतिहासग्रंथाची उणीव आहे. घरांतील एखाद्या मुलानें वा मुलीनें ती भाषा शिकण्याची इच्छा दर्शविली, तर वडील मंडळींनीं तिला छंद समजून नाउमेद करूं नये. तोंवर वाचकानें एवढें करावें : एक ग्रंथ मजुमदारांचा, एक सेदेसचा आणि एक सयामी लेखकाचा, असे तीन ग्रंथ ह्याच क्रमानें वाचावे, आणि मग एखाद्या रविवारीं अंबरनाथला जाऊन तेथील शिल्पें पुन्हां पाहावीं.