वजन उतरले, पण कशाचे?

(मंडळाच्या महिला आरोग्य कार्यक्रमात केलेले भाषण)



गणरायाला वंदन करून थायरॉईडबद्दल चार शब्द बोलतो. मी डॉक्टर नाही, रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर आहे. पण हा विषय यंत्राच्या भाषेत चटकन समजतो.

गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा रस पेशींच्या कामाचा वेग ठरवतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडून तिला आवरते, डिझेल इंजिनाच्या गव्हर्नरसारखी. रस जास्त झाला की टीएसएच घटते. म्हणून रिपोर्टमध्ये टीएसएच फार कमी दिसले, तर बहुधा थायरॉईड जास्त चालते आहे असा उलटा अर्थ निघतो.

रस जास्त झाला म्हणजे गाडी यार्डात उभी, पण इंजिन आठव्या नॉचवर! साठवलेली चरबी जळते. सोबत स्नायूंतले प्रथिनही नवे बनण्यापेक्षा जास्त वेगाने मोडते. कोळसा पुरेना म्हणून रुळाखालचे लाकडी स्लीपर उपटून जाळावेत, तसे हे. मांड्या आणि खांदे आधी दुबळे होतात.

पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटते. हाडे आणि स्नायू झिजू लागतात, चरबी पोटाकडे सरकते. त्यात थायरॉईड वाढले तर दुहेरी मार. घाम, धडधड, झोप न लागणे, चिडचिड ही लक्षणे दोन्हींत सारखीच, म्हणून "वयाचं आहे" म्हणून आपण सोडून देतो. वर वजन उतरले की शेजारणी कौतुक करतात! काहींचे वजन उतरतही नाही, कारण भूक वाढलेली असते.

म्हणून ताकदीकडे लक्ष द्या. आरतीला जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो का? महालक्ष्म्यांची भांडी माळ्यावरून काढताना खांदे थकतात का? हे नवीन असेल, सोबत धडधड असेल किंवा प्रयत्न न करता वजन घटले असेल, तर डॉक्टरांना दाखवून टीएसएच तपासून घ्या. दुर्लक्ष केल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडे ठिसूळ होतात.

ज्यांना थायरॉईड कमी असल्याने थायरॉक्सिनची गोळी चालू आहे, त्यांनाही हे लागू आहे. डोस जास्त झाला तरी हीच झीज होते. डोस बदलल्यावर साधारण ६ ते ८ आठवड्यांनी तपासणी करावी. गोळी मनाने बंद करू नये आणि वजन उतरवायला दुसऱ्याची गोळी तर मुळीच घेऊ नये.

या आजारावर उपचार आहेत: गोळ्या, शस्त्रक्रिया आणि किरणोत्सारी आयोडीन. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली सुरू झाले. अणुशक्ती थायरॉईडच्या रुग्णांच्या कामी कशी येते, याचे ते आपल्याकडचे जुने उदाहरण.

उपचारानंतर वजन परत वाढते. घाबरून औषध सोडू नका. त्यात स्नायू भरून यावेत, नुसती चरबी नको, यासाठी डॉक्टरांना विचारून व्यायाम करा. घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेली डाळ खाऊ नका, आपली वाटी आधी भरा.

काट्यावरचा आकडा स्नायू आणि चरबी वेगळी करून दाखवत नाही. ते आपणच पाहायचे.

गणपती बाप्पा मोरया!