मामूंवर प्रयोग नको



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. तरीही आज किडनीच्या एका दुर्मिळ कॅन्सरवर बोलणार आहे. तो आमच्या घरात आला होता आणि तेव्हा माझी एक चूक झाली.

माझ्या धाकट्या मामूंना किडनीचा पॅपिलरी प्रकारचा कॅन्सर निघाला, फुप्फुसापर्यंत पसरलेला. डॉक्टरांनी नेहमीच्या गोळ्यांशिवाय आणखी एक वाट सांगितली. गोळी आणि इम्युनोथेरपी एकत्र देऊन पाहणाऱ्या एका चाचणीत नाव नोंदवायचं. मी विचारलं, "यांना दोन्ही औषधं मिळतील ना?" डॉक्टर म्हणाले, "ते मी ठरवत नाही. कॉम्प्युटर ठरवतो." मी कागद परत दिले. घरी येऊन अम्मीला म्हणालो, "मामूंवर प्रयोग नको." मामू शेजारीच बसले होते. त्यांना कुणी विचारलंच नाही.

ऑफिसात मी नेमकं हेच करतो. ॲपमधला बदल आधी निम्म्या लोकांना दाखवायचा, कुणाला ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं, मग दोन्हींची तुलना करायची. माणूस आपल्या घरातला असला की तीच पद्धत मला क्रूर वाटली.

मामू गेल्यावर मी या चाचण्यांविषयी वाचायला बसलो.

किडनीच्या कॅन्सरमध्ये साधारण १० ते १५ टक्के रुग्ण पॅपिलरी प्रकारचे असतात. बहुसंख्य रुग्णांचा प्रकार वेगळा, 'क्लिअर सेल'. एकत्रित उपचारांच्या मोठ्या चाचण्या मुख्यतः त्यांच्यावर झाल्या. पॅपिलरीवाले मागे राहिले.

या प्रकारात बऱ्याचदा 'मेट' नावाचं जनुक बिघडलेलं असतं आणि पेशींना वाढत राहण्याचा हुकूम देतं. सॅव्होलिटिनिब ही गोळी तो हुकूम अडवते. ड्युर्व्हालुमॅब हे इंजेक्शन वेगळं काम करतं. आपल्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरने लावलेला ब्रेक ते सोडवतं.

दोन्ही एकत्र दिली तर? ब्रिटन आणि स्पेनमधल्या 'कॅलिप्सो' चाचणीत ४१ रुग्णांना ती दिली. १२ जणांच्या गाठी ठळकपणे आकसल्या, म्हणजे २९ टक्के. पण ज्यांच्यात मेटचा बिघाड होता अशा १७ जणांपैकी ९ जणांना हा फायदा झाला. आशा वाटावी असा आकडा.

इथे इंजिनिअर म्हणून मी थांबलो. चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मग फायदा जोडीचा की एकट्या गोळीचा?

शंका उगाच नाही. 'पॅपमेट' या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत सॅव्होलिटिनिबचा गट मध्येच बंद करावा लागला, उपयोग दिसत नव्हता. त्यात मेटचा बिघाड पाहून रुग्ण निवडले नव्हते. आणि एकावर दुसरं औषध घातलं की दुप्पट फायदा, असंही नाही. 'कॉन्टॅक्ट-०३' चाचणीत आधी इम्युनोथेरपी घेऊनही आजार वाढलेले ५२२ रुग्ण होते. कॅबोझँटिनिब या गोळीला अटेझोलिझुमॅब या इम्युनोथेरपीची जोड देऊन काही साधलं नाही. उलट गंभीर त्रास ३३ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेला. जोडीच मिळावी म्हणून मी अडून बसलो होतो. जोडी चांगली की वाईट, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून पुढची 'समेटा' चाचणी मेटचा बिघाड असलेल्यांसाठीच आखली, तीन गटांत. एकाला जोडी, एकाला फक्त ड्युर्व्हालुमॅब, एकाला नेहमीची गोळी सुनिटिनिब. उपचाराविना कुणीच नाही. कॉम्प्युटर गट ठरवतो, कारण डॉक्टरांनी धडधाकट रुग्ण एकाच गटात घातले तर निकाल खोटा ठरेल.

दुर्मिळ आजारात मोठी अडचण माणसांची. पॅपमेटला ६५ केंद्रांवर १५२ रुग्ण मिळायला साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागला. सॅव्होलिटिनिबच्या आणखी एका चाचणीत १८० रुग्ण हवे होते, ६० वरच भरती थांबली. इथे एकेक होकार मोजला जातो.

म्हणजे मामूंना पाठवायलाच हवं होतं का? मला माहीत नाही. चाचणीत ते जास्त जगले असते असंही कुणी म्हणू शकत नाही. माझी चूक नकाराची नव्हती. न विचारता, न समजून घेता, त्यांच्या वतीने नकार दिला, ही ती चूक.

उद्या तुमच्या घरात हा प्रश्न आला तर विचारा: कॅन्सरचा नेमका प्रकार कोणता? जनुकाची तपासणी झाली का? चाचणीत किती गट, प्रत्येकात कोणतं औषध? त्रास झाला तर जबाबदारी कुणाची? भारतात २०१९च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं. ती सरकारी नोंदवहीत, म्हणजे 'सीटीआरआय'वर, नोंदलेली आहे का, हे मोबाइलवर तपासता येतं. संमतीपत्र मराठीत किंवा उर्दूत मागा आणि मोठ्याने वाचा.

आपल्या घरांत इंग्रजी येणारा मुलगा हॉस्पिटलात सगळ्यांच्या वतीने बोलतो. तुमच्यापैकी अनेकजण ते करत असाल. जरूर करा. फक्त कागद परत देण्याआधी आजारी माणसाकडे वळून एकदा विचारा, "मामू, तुम्हाला काय वाटतं?"