स्वभावालाही औषध असतं



'स्वभावाला औषध नाही' हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. सून सासऱ्याबद्दल म्हणते, मुलगा आईबद्दल म्हणतो, आणि वाईट याचं वाटतं की आपणही स्वतःबद्दल तेच म्हणतो. 'आता या वयात काय बदलणार!' हे खरं नाही, आणि खरं मानल्याने आपलं म्हातारपण बिघडतं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

तिशीनंतर माणसाचा स्वभाव पक्का होतो, असं मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 मध्ये लिहिलं आणि ते पुष्कळ काळ मानलं गेलं. पुढे 2006 मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्याच त्या माणसांची वर्षानुवर्षं पाहणी करणारे 92 अभ्यास एकत्र मांडले. माणूस वयाबरोबर सरासरीने अधिक जबाबदार आणि शांत होत जातो, साठीच्या आसपासही स्वभाव हलतोच, असं त्यातून दिसलं. उतारवयात कमी होते ती नव्याची ओढ.

स्वभावातल्या जबाबदारीचा आयुष्याच्या लांबीशीही संबंध आहे. लुईस टर्मन यांनी 1921 पासून कॅलिफोर्नियात दीड हजारांवर मुलांची नोंद ठेवली. तीच नोंद तपासून हॉवर्ड फ्रीडमन यांनी 1993 मध्ये दाखवलं, की लहानपणी जबाबदारीने वागणारी मुलं सरासरीने जास्त जगली. बीपीची गोळी न चुकवणं, तंबाखू टाळणं हा त्यातला एक भाग, सगळा नव्हे.

मग ही जबाबदारीची वृत्ती साठीनंतर येईल कुठून? शेगावला जा. संत गजानन महाराज संस्थानात गावोगावचे सेवेकरी मोबदला न घेता पाळीपाळीने येतात. घरी चहाला उशीर झाला की आवाज चढवणारा गृहस्थ तिथे दर्शनबारीत तासन्‌तास उभा असतो, ढकलाढकली करणाऱ्यालाही 'माउली, पुढे चला' म्हणतो. हा देखावा नाही. तिथे त्याच्यावर काम सोपवलेलं असतं, वेळ ठरलेली असते, त्याच्या असण्याने फरक पडतो. आधी वागणं बदलतं, स्वभाव मागून येतो, असं माझं ठाम मत आहे.

आता आपल्या घरांकडे बघा. शेती मुलाच्या नावावर झाली की 'बाबा, तुम्ही आराम करा' म्हणतात. प्रेमानेच म्हणतात. पण औंदा बियाणं कोणतं घ्यायचं, सोयाबीन विकायचं की ठेवायचं, हे कुणी विचारेनासं झालं की ओट्यावर बसलेला माणूस चिडचिडा होतो. मग घर म्हणतं, त्यांचा स्वभावच तसा! बायांचं उलट असतं. सत्तरीतही चूल आणि नातवंडं सुटत नाहीत, मनासारखं काही करायला वेळ मात्र मिळत नाही. दोघांचाही स्वभाव घरच घडवत असतं.

नव्याच्या ओढीचं म्हणाल, तर आपल्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे आठवा. 1909 चा जन्म, पेशा वकिलीचा. त्यांचा 'शीळ' हा संग्रह 1954 मध्ये आला आणि 'खूणगाठी' 1985 मध्ये, म्हणजे पंचाहत्तरी उलटल्यावर. त्याला 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सगळ्यांनी कविता लिहावी असं मी म्हणत नाही. पण ज्या वयात आपण चष्म्याचा नंबर वाढल्याची सबब सांगून वाचन सोडतो, त्या वयात हा माणूस शब्दांशी झटत होता.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. स्वभाव हळूहळू बदलतो. सोशिक माणूस काही महिन्यांत संशयी झाला, हिशेबाला पक्का असलेला पैसे कुठेही टाकू लागला, बोलकी आजी गप्प झाली, तर त्याला 'म्हातारचळ' म्हणून सोडून देऊ नका. नैराश्य, थायरॉइड, छोटा पक्षाघात, स्मृतिभ्रंशाची सुरुवात, यांपैकी काहीही असू शकतं, आणि यातल्या काहींवर चांगले उपचार आहेत. डॉक्टरांना दाखवा. रात्री-बेरात्री सल्ला हवा असेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

आणि ज्येष्ठांच्या या संमेलनाच्या ठरावांत एक ठराव माझ्याकडून घ्या. प्रत्येक गावाने आपल्या ज्येष्ठांना नुसती शाल-श्रीफळ न देता एकेक ठरलेलं काम द्यावं: वाचनालयाची किल्ली, शाळेतल्या मुलांचं पाठांतर, पावसाच्या नोंदीची वही. त्यात चूक झाली, तर ती इतर कुणाचीही काढतात तशी काढावी.