वाचलेल्या जिवाचा पुढचा हिशेब



पनवेलचे एसटी स्थानक, कळंबोलीचा लोखंड बाजार, तळोज्याची औद्योगिक वसाहत, यांपैकी कोठेही एखाद्या श्रमिकाची हृदयक्रिया अकस्मात बंद पडू शकते. मेंदूचा रक्तपुरवठा थांबला की चार-पाच मिनिटांतच त्याला इजा होऊ लागते. छाती दाबणे व विजेचा धक्का देणे यांपैकी काहीच न झाल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. परंतु ती पोहोचेपर्यंतची मिनिटे शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असतात.

या प्रसंगातून वाचणारे थोडेच. जो वाचतो त्याचा हिशेब रुग्णालयाच्या दारात बंद होतो. वस्तुतः खरा हिशेब तेथूनच सुरू होतो. वाचलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या स्मृतीत, एकाग्रतेत वा कामाच्या आखणीत काही उणीव राहते. थकवा आणि भीती पाठ सोडत नाहीत. अंगावर जखम दिसत नाही, म्हणून मुकादम त्याला कामचुकार ठरवतो.

डेन्मार्कमध्ये २००१ ते २०११ या काळातील अशा रुग्णांची पाहणी झाली. आधी नोकरीत असलेल्या आणि ३० दिवस जगलेल्या रुग्णांपैकी ७६.६ टक्के कामावर परतले. मात्र परतणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्यासाठी चार महिने वा अधिक काळ लागला. तेथे आजारपणात उत्पन्नाचा आधार देणारी सार्वजनिक व्यवस्था आहे.

आपल्याकडे हे चार महिने कोणी सोसायचे? १९४८ च्या कायद्याने आलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत वर्षाला ९१ दिवस, वेतनाच्या सुमारे ७० टक्के आजारपण-लाभाची तरतूद झाली. ठराविक दीर्घ आजारांना अधिक मुदत मिळते. पण तीसाठी दोन वर्षांच्या सलग नोकरीची अट आहे. कंत्राटी कामगार ती कशी पुरी करणार? नाक्यावरचा मजूर आणि घरकाम करणारी बाई तर या योजनेच्या कक्षेबाहेरच आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना रुग्णालयातील उपचारांचा भार उचलते, बुडालेल्या मजुरीचा नाही.

काही रुग्णांच्या छातीत विजेचा धक्का देणारे यंत्र बसवतात. ते प्राण राखते. परंतु असे यंत्र असलेल्याने व्यावसायिक वाहन चालवू नये, असे अनेक देशांतील वैद्यकीय नियम सांगतात. वेल्डिंग आणि प्रबळ चुंबकीय क्षेत्र यांपासूनही जपावे लागते. म्हणजे कळंबोलीचा ट्रकचालक किंवा तळोज्याचा वेल्डर जगतो, पण त्याचा धंदा जातो. त्याची शुश्रूषा करणाऱ्या पत्नीचीही मजुरी बुडते आणि तिचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही रकान्यात नोंदले जात नाहीत.

अमेरिकन हृदयरोग संघटनेने २०२० मध्ये जीवरक्षणाच्या साखळीत पुनर्वसनाची सहावी कडी जोडली. पनवेल महानगरपालिकेच्या आरोग्य केंद्रांनी अशा रुग्णांची नोंद ठेवावी, कामावर जाण्यापूर्वी त्यांची स्मृती तपासावी, मालकाने त्यांना झेपेल असे पर्यायी काम द्यावे, या मागण्या अवास्तव नाहीत. कार्यकर्त्यांनी छाती दाबण्याचे शिक्षण घ्यावे, ते नाक्यानाक्यावर द्यावे. आणि ज्याचा जीव वाचला, त्याच्या घरी सहा महिन्यांनी पुन्हा जावे. चूल पेटते आहे का, हे पाहिल्यावाचून जीव वाचवल्याचे समाधान मानणे अपुरे आहे.