अडगळ गेली ती कोठें ?

दिवाळी जवळ आली कीं घरोघरीं माळ्यावरच्या वस्तू खालीं उतरूं लागतात. पाय मोडलेली खुर्ची, गंजलेली ट्रंक, बंद पडलेला दूरदर्शन संच, मिक्सरचीं तीन भांडीं आणि झांकण मात्र एकाचेंही नाहीं, अशी ती संपत्ति जिन्यांत मांडली जाते, आणि घरांतील प्रत्येकाच्या तोंडीं एकच वाक्य असतें : ‘कोणी तरी घेऊन जाईल तर बरें !’ दुसऱ्या दिवशीं कोणी तरी घेऊन जातो आणि आपण म्हणतों, ‘अडगळ गेली.’ मीं आयुष्यभर मुलांना व्याकरण शिकविलें. तेव्हां ह्या वाक्यावर अडखळल्यावांचून माझ्यानें राहवत नाहीं. ‘जाणें’ ह्या क्रियापदापुढें ‘कोठें’ हा प्रश्न उभा राहतोच. आज त्या ‘कोठें’चाच विचार करावयाचा आहे.

पुण्यापुरतें बोलावयाचें तर आपल्या दारांतून निघालेला कचरा बहुधा प्रथम कोणाच्या तरी हातांत पडतो. रस्त्यावर कागद-काच वेंचून पोट भरणाऱ्या कष्टकऱ्यांची, आणि त्यांत स्त्रियाच फार, ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ सालीं स्थापन झाली. पुढें तिच्यांतूनच उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेनें २००८ सालीं महानगरपालिकेशीं करार करून घरोघर जाऊन कचरा नेण्याचें काम अंगावर घेतलें. ही निवडणी यंत्रानें नव्हे, बोटांनीं होते. आपण पिशवीची गांठ मारतों तेव्हां ती कोणी तरी सोडणार आहे, हें सहसा आपल्या ध्यानांत नसतें.

सामान थोडें असेल तर रद्दीवाला वा भंगारवाला पुरतो. तो आपणांस पैसे देतो, कारण लोखंड, पितळ, पुठ्ठा ह्यांना पुढें गिऱ्हाईक आहे. परंतु जुनी गादी, फाटका सोफा, प्लायवूडचें फुगलेलें कपाट, फुटक्या फरश्या ह्यांना कोणी विचारीत नाहीं. तेथें आपणच पैसे देऊन टेंपो बोलवावा लागतो आणि फसगतीस येथेंच आरंभ होतो. माझा ठोकताळा असा कीं, ज्या वस्तूला बाजारांत मोल नाहीं ती जो अगदीं स्वस्तांत नेतो, तो ती फार दूर नेत नाहीं. आमच्या आळींतील एका गृहस्थांनीं तीन टेंपोवाल्यांकडे चौकशी केली व सर्वांत कमी मागणाऱ्यास सगळा माल दिला. चौथ्या दिवशीं त्यांची ट्रंक ओढ्याच्या कांठीं आढळली. झांकणावर त्यांचें नांव, हुद्दा व बदलीचें गांव पांढऱ्या रंगांत सुवाच्य लिहिलेलें होतें. अक्षर चांगलें असण्याचा तोटा तो हा !

ओढ्यानाल्यांत आणि मुळा-मुठेच्या कांठीं पडणारा राडारोडा असाच येतो, आणि पावसाळ्यांत पाण्याची वाट अडवितो. २०१६ सालीं केंद्र सरकारनें बांधकामाच्या राड्यारोड्यासाठीं वेगळे नियम केले, तेव्हां त्याची जबाबदारी तो जेथून निघाला त्या मालकावर ठेवली. म्हणून आधीं क्षेत्रीय कार्यालयांत विचारावें कीं असा माल कोठें घेतला जातो. मग टेंपोवाल्यास विचारावें कीं तूं कोठें उतरविणार. पैशांचा कांहीं भाग मागें ठेवून पावती वा छायाचित्र दाखविल्यावर द्यावा. ह्या प्रश्नांनीं जो रागावेल, त्याला माल देऊं नये.

टेंपो दारांत येण्यापूर्वीं कांहीं वस्तू बाजूस काढल्याच पाहिजेत. फुटकी काच जाड कागदांत गुंडाळून, वर ‘काच’ असें लिहून द्यावी. मधुमेहाच्या रोग्याच्या सुया पक्क्या झांकणाच्या कठीण डब्यांत ठेवाव्या. दिव्याच्या जुन्या ट्यूबमध्यें पारा असतो. तो अगदीं थोडा, कांहीं मिलिग्रॅमच, परंतु ट्यूब फुटली कीं त्याची वाफ श्वासाबरोबर आंत जाते. अशा वेळीं मुलांना बाहेर काढावें, पंखा बंद करावा, खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटें थांबावें. केरसुणी मुळींच लावूं नये, कारण तिनें पारा खोलीभर पसरतो. तुकडे ताठ पुठ्ठ्यानें उचलावे, उरलेली भुकटी ओल्या कागदानें टिपावी, आणि सर्व बरणींत बंद करून इतर कचऱ्यापासून वेगळें द्यावें.

मोबाईलची फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडींत दाबली गेली तर पेट घेऊं शकते. इन्व्हर्टरच्या बॅटरीविषयीं तर भंगारवाल्याच्या भावाकडे पाहूंच नये. कोठल्या तरी पत्र्याच्या शेडमध्यें ती फोडली, तर आम्ल गटारांत ओततात, शिसें उघड्या भट्टींत वितळवितात, आणि तो धूर जवळपास खेळणाऱ्या मुलांच्या अंगीं भिनतो. शिशाचा परिणाम मुलांच्या बुद्धीवर होतो, हें वैद्यकशास्त्रानें सिद्ध केलें आहे. नवी घेतांना जुनी त्याच दुकानांत द्यावी. बहुधा किंमतींतही सूट मिळते. वायरी आणि संगणकही तांब्यासाठीं उघड्यावर जाळतात. ते नोंदणी झालेल्या पुनर्वापर केंद्राकडेच द्यावे.

राहतां राहिला जुना फ्रीज. त्याची नळी जिन्यांतच कापूं देऊं नये. आंतला वायु हवेंत जातो. परंतु त्याहून मोठी गोष्ट दाराची आहे. अमेरिकेंत टाकून दिलेल्या फ्रीजमध्यें लपून मुलें गुदमरून मेलीं, तेव्हां १९५६ सालीं तेथें कायदाच करून दार आंतून उघडतां आलें पाहिजे असें ठरविलें. हल्लींच्या दारांना चुंबकाची पट्टी असते, तरीही नेणारा येईपर्यंत फ्रीज चाळींत वा जिन्याखालीं ठेवावा लागला तर दार बिजागरींतून काढून ठेवावें. तें जमलें नाहीं तर दोरीनें घट्ट बांधून त्याचें तोंड भिंतीकडे करावें. आंतले कप्पे मात्र काढूं नयेत; ते जागच्या जागीं असले कीं मुलाला आंत शिरावयास जागा उरत नाहीं.